आधी बिल टाका, मग क्यूआर कोड

आमच्या ग्रुपवर सर्वात जास्त वेळा येणारा फोटो निकाहचा नाही, नव्या गाडीचाही नाही. तो आहे क्यूआर कोडचा. वर रुग्णाचं नाव, मग आजाराचं नाव, मग "डॉक्टरांनी साडेतीन लाख सांगितलेत, सकाळपर्यंत भरायचे आहेत", आणि शेवटी दुआची दरख्वास्त. इथे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. कुवेतला साडेआठ, न्यू जर्सीत भर दुपार. पाच मिनिटांत कुवेतहून पहिला स्क्रीनशॉट येतो, मग दुबईहून दोन, मग रांग लागते. सकाळी पैसे जमलेले असतात. सगळे एकमेकांना "जजाकल्लाह" म्हणतात आणि ग्रुप पुन्हा बिर्याणीच्या फोटोंकडे वळतो.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीही विचारत नाही. साडेतीन लाख कशाचे?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते कुणाला कठोर वाटलं तरी चालेल. बिल बघितल्याशिवाय, कागद विचारल्याशिवाय दवाखान्यासाठी एक रुपयाही पाठवू नका. पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही. न विचारता देऊ नका असं म्हणतोय.

आधी ग्रुपबद्दल सांगतो. बेलपाडा म्हणजे सिडकोच्या सेक्टरांनी चारी बाजूंनी वेढलेलं खारघरमधलं गावठाण. आता नवी मुंबई मेट्रोच्या नकाशावर त्या नावाचं स्टेशन आहे, बेलापूरपासून दुसरं. २०२३ च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाली तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी ते स्टेशन मोबाइलवरच पाहिलं. कारण तोवर त्या गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांत राहून शिकलेली, पहिल्या नोकरीला लागलेली आम्ही तेरा माणसं जगभर पांगली होती. एक कुवेतला, दोघे दुबईला, एक इंग्लंडात लेस्टरला, एक न्यू जर्सीत. एक परत श्रीवर्धनला गेला, एक तळोज्याला घर बांधून राहिला, बाकीचे पनवेल ते मुंब्रा या पट्ट्यात. रोजचं जगणं मात्र अजून एकत्रच चालतं. पापलेट कितीला मिळालं, मुलाच्या शाळेने फी किती वाढवली, अम्मीची शुगर किती आली, काल रात्री कुठे जेवलो, सगळं ग्रुपवर. कुवेतवाला मजबूसचा फोटो टाकतो, लेस्टरवाला तिथल्या "इंडियन" हॉटेलातली करी दाखवून शिव्या घालतो, तळोजावाला मंदीचं ताट टाकून दोघांना जळवतो.

म्हणूनच हॉटेलपासून सुरुवात करतो. हॉटेलात आमच्याइतके चौकस गिऱ्हाईक शोधून सापडणार नाहीत.

दुबईवाल्यांपैकी एक सुट्टीवर आला की काँट्री काढून खारघरला जेवायला जायचा रिवाज आहे. मागच्या खेपेला सात जणांचं बिल सहा हजारांच्या आसपास आलं. दुबईवाल्याने चष्मा लावून ते वाचलं. रोट्या मोजल्या. पाण्याच्या बाटल्या मोजल्या. खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज दिसला तसा मॅनेजरला बोलावून सांगितलं की भाई, हा आमच्या मर्जीचा मामला आहे, तुमच्या नाही. बरोबरच होतं त्याचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. मॅनेजरने मुकाट्याने चार्ज काढला. आम्ही त्या पाच-सहाशे रुपयांचा विजय आठवडाभर ग्रुपवर साजरा केला.

त्याच महिन्यात त्याच माणसाने एका दवाखान्यासाठी चाळीस हजार रुपये पाठवले. बिल मागितलं नाही. चष्माही लावला नाही.

हॉटेलात बसायच्या आधी मेनूकार्ड हातात येतं. पदार्थ डावीकडे, भाव उजवीकडे. झेपत नसेल तर उठून जाता येतं. दवाखान्यात आधी माणूस आत जातो, मग अनामत भरायची, मग "पॅकेज" नावाचा एक शब्द येतो, मग पॅकेजमध्ये काय नाही ते कळत जातं. ही आता रीतच झाली आहे आणि आपण ती मान्य करून बसलोय. पण कायद्याची रीत ही नाही. महाराष्ट्रातले खाजगी दवाखाने १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली चालतात. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने त्या कायद्याचे नियम सुधारले. त्यानुसार दाखल करण्याचा आकार, खाटेचा रोजचा दर, आयसीयूचा दर, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, या सगळ्याचं दरपत्रक दवाखान्याने दर्शनी भागात लावायचं आहे. शेजारी रुग्णहक्कांची सनद लावायची आहे. बिल थकलं म्हणून मय्यत अडवून ठेवायची नाही, हेही त्या नियमांत आहे. म्हणजे मेनूकार्ड आहे. फक्त ते मागायची सवय आपण हॉटेलातच सोडून येतो.

आणि बिलात काय काय दडलेलं असतं याचा अंदाज हवा असेल तर सरकारच्याच औषध किंमत नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार बड्या खाजगी रुग्णालयांची बिलं तपासून जे मांडलं ते आठवा. सिरिंज, सलाईनचे सेट, कॅथेटर यांसारख्या किरकोळ वस्तूंवर आणि औषधांवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा लावलेला सापडला होता. हॉटेलवाल्याने पाण्याची बाटली अठरापट भावाने दिली असती तर आमच्या दुबईवाल्याने काय केलं असतं, कल्पना करा. त्याच प्राधिकरणाने एक वर्ष आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हृदयात घालायच्या स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा लाख-सव्वा लाखाला विकला जाणारा औषधी स्टेंट एका फटक्यात तीस हजारांच्या आत आला होता. तो पूर्वी इतका महाग का होता, याचं उत्तर कुणी ग्रुपवर मागितलं होतं? जमवायचे तेवढे जमवून आपण मोकळे झालो होतो.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग आहे तिच्याकडे येतो.

ज्या रुग्णासाठी आपण काँट्री काढतो तो बहुतेक वेळा असा असतो की त्याला तो उपचार फुकट किंवा अर्ध्यामुर्ध्या खर्चात मिळायचा हक्क असतो. फुकट, आणि तरीही खैरात म्हणून नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्यात १९८५ पासून ४१ अअ हे कलम आहे, आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना ठरवून दिली. ट्रस्टच्या नावाने चालणाऱ्या, म्हणजे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत ठेवायच्या आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. हा खर्च भागवायला रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळी काढायची. निर्धन म्हणजे सध्या वर्षाला एक लाख ऐंशी हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे तीन लाख साठ हजारांपर्यंत. पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला किंवा रेशन कार्ड. निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नाही. तातडीचा रुग्ण असेल तर आधी दाखल करायचं, बाकीचं नंतर.

यात मेहरबानीचा प्रश्नच नाही. धर्मादाय म्हणून नोंद झाल्यामुळे या रुग्णालयांना करात आणि इतर अनेक बाबतींत सवलती मिळतात, काहींना जमीनही नाममात्र दरात मिळालेली असते. त्या सवलतींची किंमत म्हणून त्या खाटा आहेत. आपल्याकडे मुंबई, पुणे, ठाण्यातली कितीतरी मोठी नावं धर्मादाय यादीत आहेत. काच, संगमरवर आणि लॉबीतलं कॉफी शॉप बघून आपल्याला वाटतच नाही की हे "धर्मादाय" असेल.

दुसरी गोष्ट महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं. २०२३ च्या शासन निर्णयाने ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती न राहता पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना लागू झाली, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ठरलं. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरची औषधं, असे मोठे खर्च तिच्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पण इथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. योजनेत उपचाराची मंजुरी रुग्णालय घेतं आणि पैसे सरकार रुग्णालयाला देतं. आपण रोख भरून, माणूस घरी आणून, मग कार्ड घेऊन गेलो तर कुणी काही परत देत नाही. म्हणजे आमचा ग्रुप जितक्या तत्परतेने पैसे जमवतो, तितक्याच तत्परतेने तो रुग्णाचा हक्क घालवतो. हे वाक्य ग्रुपमधल्या काहींना फार लागलं. लागू दे.

एक उदाहरण सांगतो. आमच्यातल्या एकाच्या मामूंची अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही, सगळीकडे तेच आहे. पैसे रात्रीच गेले होते. डिस्चार्जच्या दिवशी तळोजावाला तिथे गेला आणि तपशीलवार बिल हवं म्हणून काउंटरवर बसून राहिला. दीड तासाने सहा पानं मिळाली. त्यात "इतर" या नावाने अकरा हजार रुपये होते. इतर म्हणजे काय, ते तीन टेबलांवर कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी ते कापले गेले. त्याच आठवड्यात घरी कपाटात मामूंचं केशरी कार्ड सापडलं. ते रुग्णालय योजनेत होतं.

आता जकात. या विषयाला ती चिकटलेली आहेच, कारण रमजानात ग्रुपवर येणारे निम्मे क्यूआर कोड "जकात चालेल" असं लिहूनच येतात. मी आलिम नाही, मसला सांगायचा माझा अधिकार नाही. पण सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यात फकीर आहेत, मिस्कीन आहेत, कर्जात बुडालेले आहेत, एवढं आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्यात रुग्णालयाचा कॅश काउंटर नाही. गरिबाच्या नावाने निघालेली जकात त्याच्या खात्यात संध्याकाळी येते आणि सकाळी अशा संस्थेच्या खात्यात जाते, जिने त्याला मोफत खाट द्यायला हवी होती. गरीब मधला पाइप झाला. आपल्याला सवाब मिळाल्यासारखं वाटलं, संस्थेला पूर्ण बिल मिळालं, आणि निर्धन रुग्ण निधीतला पैसा वाचला तो वाचलाच. जी विधवा त्या पैशातून शिलाई मशीन घेऊ शकली असती, तिच्या वाट्याला काही आलं नाही.

माझ्यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत.

"मौत समोर उभी असताना हिशेब काय करतोस?" हा सर्वात मोठा. पण तातडीच्या वेळी उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवलंय. मौत समोर उभी आहे म्हणून तर विचारायचं. शिवाय आपल्याकडे येणारे सगळेच कोड मध्यरात्रीच्या अपघाताचे नसतात. गुडघा, हर्निया, मुतखडा, गर्भाशय, सगळं तारीख ठरवून होतं. तारीख ठरवायला वेळ असतो, रेशन कार्ड शोधायला नसतो?

दुसरा आक्षेप जरा दबक्या आवाजात येतो. "आपल्या नावाच्या माणसाला तिथे कोण विचारतो?" भेदभाव होत नाही असं मी म्हणणार नाही. नाव वाचून आठी पडते, हे अनेकांनी सांगितलंय. पण आठी पडल्याने रेशन कार्ड रद्द होत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा. तोंडी नकार हा हवेत विरतो, लेखी नकार वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या टेबलावर ठेवता येतो. आपण न मागताच परत फिरतो आणि त्याला अनुभव म्हणतो.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. योजनेचे दर कमी आहेत, सरकारकडून पैसे उशिरा येतात, म्हणून रुग्णालयं टाळाटाळ करतात, खाटा भरल्या म्हणून सांगतात. खरं आहे. पण आपण रोख पैसे घेऊन उभे आहोत हे दिसल्यावर त्यांनी टाळाटाळ का करू नये? काउंटरवर "घरातलं कुणी बाहेर आहे का?" असा प्रश्न विचारला जातो, हे मी दोन वेगवेगळ्या कुटुंबांकडून ऐकलंय. त्या प्रश्नाचा अर्थ तब्येतीची चौकशी असा होत नाही.

आणि चौथी भीती, जी कुणी बोलून दाखवत नाही. बिलावरून वाद घातला तर डॉक्टर चिडतील आणि त्याचा राग आपल्या माणसावर निघेल. ही भीती खरी आहे आणि खाटेशेजारी बसलेल्या भाभीकडून किंवा खालांकडून ती बाजूला ठेवायची अपेक्षा करणं जुलूम आहे. तिथेच तर लांबच्या मित्रांचं काम आहे. कुवेतहून फोन करणाऱ्याला कुणाची भीती? तो काय त्या वॉर्डात झोपलाय? अंतर हीच त्याची ताकद आहे, आणि तो ती फक्त पैसे पाठवण्यात खर्च करतो.

गंमत अशी की हे लांबचे मित्र तिकडे असे वागत नाहीत. न्यू जर्सीवाल्याने स्वतः सांगितलंय, तिथे विमा नसेल तर उपचाराआधी खर्चाचा अंदाज लेखी द्यावा लागतो, २०२२ पासून तसा कायदाच आहे, आणि तो अंदाज हातात आल्याशिवाय तो पुढची तारीख घेत नाही. लेस्टरवाला एनएचएस फुकट आहे म्हणून आम्हाला ऐकवतो, पण व्हिसा काढताना माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरायला लागला तेव्हा तीन दिवस ग्रुपवर हेच रडगाणं होतं. पौंडापौंडाचा हिशेब त्याला माहीत आहे. दुबईत २०१३ च्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा मालकाच्या गळ्यात बांधलाय, आणि आमचे दोघे त्या कार्डावर कुठलं क्लिनिक चालतं, किती टक्के स्वतःचे भरायचे, हे तोंडपाठ सांगतात. तिकडे ते हिशेबी रुग्ण आहेत. इकडे आले की नुसते दाते होतात. दाता व्हायला बरं वाटतं, हे मला कळतं. वर्षानुवर्षं घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटायला हवं असतं. पण त्या वाटण्याची किंमत मामूंच्या कार्डाने चुकवली.

अजून एक माणूस या सगळ्यात दिसत नाही. ज्याचा मित्र कुवेतला नाही तो. बेलपाड्यात आमच्या जुन्या खोलीच्या खाली एक जण पंक्चर काढायचा, अजूनही काढतो. त्याचा ग्रुप नाही, त्याचे दुबईत कुणी नाही. त्याच्या बायकोची किडनी बिघडली तेव्हा त्याने काय केलं? पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात गेला, तिथून कार्ड घेऊन योजनेत गेला, डायलिसिस सुरू केलं. त्याने आमच्यासारख्या शिकलेल्या तेरा माणसांपेक्षा जास्त अक्कल दाखवली, कारण त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. पण उद्या त्यालाही "खाटा भरल्या" म्हणून सांगतील, तेव्हा भरलेल्या खाटांवर रोखीने कोण झोपलंय ते बघावं लागेल.

मी ग्रुपवर असं मांडलंय. कोड टाकायच्या आधी तीन फोटो टाकायचे, रेशन कार्डाचा, दवाखान्याने लेखी दिलेल्या अंदाजाचा, आणि भिंतीवरच्या दरपत्रकाचा. दरपत्रक नसेल तर रिकाम्या भिंतीचा. रुग्णाचं नाव झाकून टाका, आजार झाका, इज्जतीचा प्रश्न आम्हालाही कळतो. रुग्णालय धर्मादाय आहे का, योजनेत आहे का, ते लांबच्यांनी शोधायचं, कारण आपली रात्र असते तेव्हा त्यांचा दिवस असतो. फोनही त्यांनी करायचे. जवळच्यांनी कागद घेऊन जायचं आणि तपशीलवार बिल मिळेपर्यंत बसून राहायचं. औषधं आणि तपासण्या कुठून करायच्या हे रुग्ण ठरवू शकतो, सनदेत तसं लिहिलंय, तेव्हा आतल्याच मेडिकलची चिठ्ठी आली तर बाहेरचा भाव विचारून यायचं. एवढं करून जे कमी पडेल ते सगळ्यांनी मिळून भरू, आणि मीही भरेन.

कुवेतवाला म्हणाला, तू मदतीला सरकारी कचेरी करून टाकलीस. दोघांनी अंगठा दिला, एकाने हसणारं तोंड, तळोजावाल्याने त्याची सहा पानं पुन्हा टाकली. लेस्टरवाल्याने मात्र त्याच रात्री बसून रायगड, ठाणे आणि मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांची यादी शोधून ग्रुपवर टाकली. योजनेचा १५५३८८ हा नंबर मी पिन केलाय. त्याच्या वर खारघरच्या मंदीवाल्याचं मेनूकार्ड अजून पिन आहे. ते काढायचं नाही, असं तिघांनी बजावलंय.